१८ प्लस, ४० प्लस, ५५ प्लस: अमेरिकेतल्या लीग टेनिसमध्ये नक्की कुठे खेळायचं

भाच्याच्या एका मित्राने प्रश्न पाठवलाय. पुण्याहून बे एरियात येऊन त्याला दीड वर्ष झालं, तिकडे क्लबवर नियमित खेळायचा, आता इथे यूएसटीएच्या (अमेरिकेची टेनिस संघटना) लीगमध्ये उतरायचंय. वय ३९, या नोव्हेंबरमध्ये चाळीस पूर्ण होतील. सेल्फ रेटिंग (प्रश्नांची उत्तरं देऊन स्वतःच ठरवलेली खेळाची पातळी) ३.५ आलंय. ऑफिसमधला एक जण म्हणतो १८ प्लसच्या टीममध्ये ये, दुसरा एक कॅप्टन म्हणतो ४० प्लसमध्ये ये, तिथे सोपं असतं. आणि त्याचे बाबा वर्षातले पाचेक महिने इथे असतात, वय ६४, डिसेंबरमध्ये ६५ होतील, आयुष्यभर टेनिस खेळलेले, त्यांना कुठे खेळता येईल का हेही विचारलंय. मी पंधरा वर्षं टीम चालवतोय, १८ प्लस, ४० प्लस आणि आता ५५ प्लस तिन्हीकडे कॅप्टन म्हणून काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न दर जानेवारीत मला कोणी ना कोणी विचारतंच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपण सगळे लहानपणापासून अंडर १४, अंडर १६ ऐकत मोठे झालो, तिथे वय ही वरची मर्यादा असते, एकदा ओलांडली की तू बाहेर. इथे बरोबर उलटं आहे. १८ अँड ओव्हर म्हणजे १८ च्या वरचा कोणीही, मग तो ६७ चा असला तरी. ४० अँड ओव्हर म्हणजे चाळीसच्या पुढचे सगळे, ५५ अँड ओव्हर म्हणजे पंचावन्नच्या पुढचे सगळे. म्हणजे वय वाढलं की एक दार बंद होत नाही, आणखी एक दार उघडतं. मी ५८ चा आहे आणि तिन्ही दारं मला उघडी आहेत. तुला नोव्हेंबरमध्ये चाळीस पूर्ण झाले की १८ प्लस सोडावं लागणार असं जे तुझ्या डोक्यात दिसतंय ते काढून टाक, कोणी काढत नाही तुला तिथून.

दुसरी गोष्ट, आणि ही मुख्य आहे. लीगमध्ये दोन चाळण्या आहेत, वय आणि लेव्हल. लेव्हल म्हणजे एनटीआरपी (यूएसटीएची खेळाची पातळी मोजायची पद्धत) रेटिंग, अर्ध्या अर्ध्या पायरीचं, २.५, ३.०, ३.५, ४.० असं चढत जाणारं. आता हे नीट समजून घे की रेटिंग एकच असतं. १८ प्लसचं वेगळं ३.५ आणि ४० प्लसचं वेगळं ३.५ असं नसतं. कॉम्प्युटरला तुझं वय माहीत नसतं, तू कोणाबरोबर खेळलास, समोर कोण होतं आणि स्कोअर काय झाला एवढंच तो बघतो, आतल्या आत दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा धरतो आणि वर्षाच्या शेवटी, साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला, नवीन रेटिंग बाहेर येतं. १८ प्लस, ४० प्लस, ५५ प्लस या सगळ्या मॅचेस त्याच एका हिशोबात जातात. म्हणजे ४० प्लसमधला ५६ वर्षांचा ३.५ वाला आणि १८ प्लसमधला २४ वर्षांचा ३.५ वाला हे कॉम्प्युटरच्या मते साधारण सारखेच. मग ४० प्लस सोपं कसं असेल? नसतं. वेगळं असतं, आणि किती वेगळं ते खाली सांगतो.

तुलनेसाठी बघ, आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) मास्टर्स टूरमध्ये वयोगट पाच-पाच वर्षांचे असतात, ३०, ३५, ४० असे वर नव्वदीपर्यंत जातात. का, तर तिथे लेव्हलची चाळणी नाही, माजी प्रोफेशनल आणि हौशी माणूस एकाच ड्रॉमध्ये येऊ शकतात, त्यामुळे निदान वय तरी जवळजवळचं ठेवायला लागतं. लीगमध्ये लेव्हलनं आधीच बरंच काम केलेलं असतं, म्हणून वयाचे पट्टे पंधरा-वीस वर्षांचे रुंद ठेवले तरी चालतात. आणि आपल्या पुण्यात तिसरीच पद्धत आहे, तुला माहीत असेलच, इंटरक्लब मॅचेसमध्ये ९० प्लस, १०० प्लस डबल्स असते, दोघा पार्टनरच्या वयाची बेरीज धरायची. मला ती पद्धत मनापासून आवडते, ३५ चा आणि ५५ चा एकत्र खेळू शकतात, छोट्या क्लबला टीम उभी करता येते. इथे बेरीज होते पण वयाची नाही, रेटिंगची, म्हणजे मिक्स्ड डबल्समध्ये ७.० ची टीम असेल तर ४.० आणि ३.० ची जोडी चालते किंवा दोघं ३.५, फक्त दोघांमध्ये एकपेक्षा जास्त फरक नको.

आता तुझा तारखेचा प्रश्न. नियम असा आहे की ज्या कॅलेंडर वर्षात तू त्या लीगची पहिली मॅच खेळतोस, त्या वर्षात कधीही तुझं चाळीसावं पूर्ण होत असलं तरी चालतं. म्हणजे नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही, तू याच वर्षी फेब्रुवारी-मार्चपासून ४० प्लस खेळू शकतोस. सोपा हिशोब, चालू वर्षातून जन्मवर्ष वजा कर, चाळीस किंवा जास्त आले की झालं. (१८ प्लसला मात्र असं नाही, तिथे पहिल्या मॅचच्या आधी १८ खरोखर पूर्ण व्हावे लागतात, कोणाचा मुलगा हायस्कूलमध्ये असेल तर हे लक्षात ठेवा.) एक खड्डा आहे त्यात. काही ठिकाणी पुढच्या वर्षीच्या चॅम्पियनशिपची लीग आधीच्या वर्षी शरद ऋतूतच सुरू होते. समज पुढच्या वर्षी तुझ्या एखाद्या मित्राला चाळीस होणार आहेत आणि लीग या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, तर त्याने नोव्हेंबरमध्ये कोर्टवर उतरायचं नाही, जानेवारीत पहिली मॅच खेळायची, कारण वर्ष मोजलं जातं ते पहिल्या मॅचचं. आमच्या ओळखीतल्या एका टीमला या गोष्टीचा फार त्रास झाला, मॅच जिंकून हातातून गेली, आणि चूक त्या खेळाडूची नव्हती, कॅप्टननं नियम पूर्ण वाचला नव्हता.

आपल्या लोकांसाठी आणखी एक, हे कुठल्या नियमपुस्तकात मिळणार नाही. आपल्याकडे आधीच्या पिढीत किती जणांची जन्मतारीख १ जून आहे ते बघ, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. नुसती तारीख बदलली असेल तर काही बिघडत नाही कारण इथे वर्षच मोजतात. पण कित्येकांचं वर्षसुद्धा एखाद्यानं पुढेमागे झालेलं असतं. आमच्या टीममध्ये सोलापूरकडचे एक गृहस्थ आहेत, त्यांची आई सांगायची दिवाळीच्या आधीचा जन्म, वर्ष अमुक, आणि पासपोर्टवर त्याच्या पुढचं वर्ष. मनाने ते ५५ पूर्ण होते, कागदाने ५४. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की काका, एक वर्ष थांबूया. अकाउंट काढताना जी तारीख टाकाल ती पासपोर्टवरचीच टाका, उद्या कोणी हरकत घेतली तर कागदच दाखवायचाय. तुझ्या बाबांच्या बाबतीतही आधी पासपोर्ट बघ आणि मगच वर्ष मोज.

हे वयोगट आत्ता आहेत तसे पूर्वी नव्हते, आणि हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो कारण त्यातून कळतं की ४० ही रेघ कुठून आली. लीग सुरू झाली १९८० मध्ये. बरीच वर्षं मोठ्यांसाठी एक ॲडल्ट डिव्हिजन होती आणि मग एकदम ५० च्या पुढे सीनियर, ६० च्या पुढे सुपर सीनियर. म्हणजे ४३ वर्षांच्या माणसाला, ज्याच्या घरी दोन लहान मुलं, दिवसभर खुर्चीत बसून काम, त्याला कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांबरोबर सिंगल्स खेळायचं आणि पन्नाशीची वाट बघायची. त्या मधल्या वयात लोक टेनिस सोडून द्यायचे, मी स्वतः बघितलेत, एकदा पोटरी धरली, एकदा गुडघा गेला, की रॅकेट कपाटात. २०१३ मध्ये यूएसटीएने सगळी मांडणी बदलली, १८, ४० आणि ५५ अशा रेघा आखल्या. मी तेव्हा ४६ चा होतो, मला तर जणू नवीन सीझनच बक्षीस मिळाला. पण माझा डबल्सचा पार्टनर होता ५२ चा. दोन वर्षांपूर्वी तो मोठ्या उत्साहाने सीनियरमध्ये गेला होता, तिथे सगळं डबल्स, बरोबरीचे लोक, आणि अचानक त्याला सांगितलं की आता ५५ पर्यंत थांब, तोवर चाळिशीवाल्यांबरोबर खेळ. त्या वयाच्या पुष्कळ लोकांना तेव्हा वाईट वाटलं आणि मला आजही वाटतं की त्यांची तक्रार रास्त होती. रेघ कुठेही मारली तरी तिच्या अलीकडे कोणीतरी उभा असतो. तरीसुद्धा एकूण विचार केला तर ४० प्लस आल्यामुळे जेवढे लोक खेळात टिकले तेवढे दुसऱ्या कशाने टिकले नसते असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता फॉरमॅट, कारण वयोगट निवडताना लोक वयाकडे बघतात आणि फॉरमॅटकडे बघतच नाहीत, खरा फरक तिथे आहे. १८ प्लसला ३.५ सारख्या मधल्या लेव्हलला पारंपरिक फॉरमॅट म्हणजे दोन सिंगल्स आणि तीन डबल्स, एका मॅचला आठ माणसं. ४० प्लसला आता बऱ्याच ठिकाणी एक सिंगल्स आणि तीन डबल्स, म्हणजे सात. ५५ प्लसला तीन डबल्स, सिंगल्स नाहीच, सहा माणसं. लोकल लीगला यात थोडा बदल करता येतो त्यामुळे तुझ्या एरियाचे नियम बघ, आणि चार कोर्टवाल्या फॉरमॅटमध्ये २-२ झालं तर काय करायचं तेही आधीच वाचून ठेव, कारण मॅच संपल्यावर नेटपाशी उभं राहून त्यावर वाद घालण्यात काही अर्थ नसतो. तर मुद्दा असा की तुला सिंगल्स खेळायची हौस असेल तर ४० प्लसमध्ये आठवड्याला एकच जागा आहे आणि रोस्टरवर चौदा-पंधरा माणसं, त्यातली तिघं-चौघं त्याच जागेसाठी. नवीन माणसाला ती लगेच मिळत नाही. १८ प्लसमध्ये सिंगल्सला उलट माणसं कमी पडतात, कॅप्टन फोन करून विचारत असतात, कारण रविवारी दुपारी दोन तास पळायला तयार असलेला ३.५ वाला मिळणं अवघड. तू ३९ चा आहेस, पुण्यात सिंगल्स खेळायचास असं लिहिलंयस, तर १८ प्लसमध्ये तुला पहिल्याच महिन्यात कोर्ट मिळेल.

पण ४० प्लसमध्ये "सोपं असतं" हे मात्र डोक्यातून काढून टाक. तुला एक मॅच सांगतो. आमच्या ४० प्लस ३.५ च्या टीममध्ये एक नवीन मुलगा आला, मुलगा म्हणजे ४१ चा, जिमला जाणारा, सर्व्ह जोरदार, फोरहँड असा की कुंपणाला बॉल लागला की आवाज शेजारच्या कोर्टवर जाईल. मी त्याला दोन नंबरच्या डबल्सला टाकलं. समोर दोघं, एक साधारण पन्नास-बावन्नचा आणि दुसरे साठी ओलांडलेले, गुडघ्याला काळा पट्टा, टोपी, रॅकेट अगदी जुनी. वॉर्मअपमध्ये त्या काकांनी एकही बॉल जोरात मारला नाही. आमच्या पोराने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे हे झालंच. पहिल्या सेटमध्ये काका सर्व्हिस लाईनच्या एक पाऊल मागे उभे राहिले आणि तिथून हललेच नाहीत. आलेला प्रत्येक जोरदार बॉल त्यांनी नुसता रॅकेट समोर धरून आमच्या दोघांच्या मधोमध पायाशी टाकला. आमचा गडी नेटवर आला की डाव्या खांद्यावरून लॉब, आणि तोही सूर्य ज्या बाजूला होता त्याच बाजूने. एंड बदलले तेव्हा लॉब बंद आणि त्याऐवजी रिटर्न स्लाईस करून ट्रॅममध्ये, म्हणजे कोर्टच्या कडेच्या पट्ट्यात. ६-२ सेट गेला. दुसऱ्या सेटमध्ये आमच्या पोराने अजून जोर लावला, अजून चुका झाल्या, ६-३. मॅच संपल्यावर काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की तुझी दुसरी सर्व्ह पहिल्यासारखी टाकत जा, स्पिन देऊन, बाकी सगळं छान आहे. तो पुढचे दोन महिने दर मंगळवारी फक्त तेवढंच करत होता, आणि सीझनच्या शेवटी आमची सगळ्यात भरवशाची जोडी त्याचीच होती.

यात काय झालं ते लक्षात घे. २४ वर्षांचा ३.५ वाला पायांनी आणि ताकदीने ३.५ असतो, शॉट निवडण्यात ३.० असतो. ६१ वर्षांचा ३.५ वाला कदाचित एकेकाळी ४.५ खेळलेला असतो, पाय गेलेत पण डोळा आणि हात जागेवर आहेत, कोर्टवर उभं कुठे राहायचं हे त्याला विचार न करता कळतं. दोघांची बेरीज सारखीच येते, आतले आकडे वेगळे. म्हणून १८ प्लसमध्ये तुला वेगाशी झगडायला लागेल आणि ४० प्लसमध्ये जागेशी. सेल्फ रेटिंगच्या नियमांतही हे धरलेलं आहे, कॉलेज किंवा वरच्या पातळीवर खेळलेल्या माणसाला जी कमीत कमी लेव्हल घ्यावी लागते ती वय वाढतं तशी खाली येत जाते. त्यामुळे समोरच्याचं वय बघून हा कोण, हा काय करणार असं ठरवू नकोस, ५५ प्लसमध्ये तर कधीच नको.

शरीराचंही बोलायला हवं. नियमित सीझनमध्ये आठवड्याला एक मॅच, ती कोणीही खेळतो. पण टीम पुढे गेली, म्हणजे लोकलमधून जिल्हा किंवा एरिया, मग सेक्शन (देशभरात असे १७ सेक्शन आहेत, आपलं नॉर्दर्न कॅलिफोर्निया त्यातलं एक) आणि मग नॅशनल्स, तर तिथे एका वीकेंडला चार-चार मॅचेस, एका दिवसात दोन सुद्धा. वयोगटाचा खरा उपयोग तेव्हा कळतो. १८ प्लसच्या अशा वीकेंडला मी ४९ व्या वर्षी शनिवारी दोन डबल्स खेळलो, रविवारी सकाळी पहिल्याच गेममध्ये पोटरीत मागून कोणी दगड मारल्यासारखं वाटलं आणि सहा आठवडे घरी. ४० प्लसला आणि ५५ प्लसला डबल्स जास्त असण्यामागे हेच कारण आहे, आणि तिसऱ्या सेटच्या जागी दहा पॉइंटचा टायब्रेक बऱ्याच ठिकाणी असतो तोही मला योग्यच वाटतो.

मग तू काय करावंस? दोन्ही खेळ. लोकांना हे सुचतच नाही, पण एकाच वर्षी १८ प्लस ३.५ आणि ४० प्लस ३.५ दोन्ही टीममध्ये नाव देता येतं, दोन्हीची फी वेगळी, दोन्हीची पुढे जायची वाट वेगळी, आणि बहुतेक ठिकाणी सीझन पुढेमागे असतात त्यामुळे फार टक्कर होत नाही. १८ प्लसमध्ये सिंगल्स खेळ, ४० प्लसमध्ये डबल्स शिक. फक्त दोन्ही कॅप्टनना पहिल्याच दिवशी सांगून ठेव की मी दोन टीममध्ये आहे, आणि कुठल्या तारखांना नाही ते सीझन सुरू व्हायच्या आधी दे. कॅप्टनला हरलेल्या मॅचचं एवढं वाईट वाटत नाही जेवढं शुक्रवारी रात्री "उद्या जमणार नाही" असा मेसेज आला की वाटतं. आणि रेटिंग खरं ठेव. ४० प्लसमध्ये ३.० घेऊन आरामात जिंकू असं सांगणारे भेटतील. सेल्फ रेटेड माणसाचे निकाल लेव्हलच्या फार वर गेले की कॉम्प्युटर स्ट्राईक देतो, तीन स्ट्राईक झाले की डिसक्वालिफाय, त्याच्या मॅचेसचे निकाल उलटू शकतात आणि त्याच्याबरोबर अख्खी टीम बसते. चौदा लोकांचा सीझन असतो तो, एकट्याचा नाही.

घरी लहान मुलं असतील आणि दोन टीम जमणार नसतील, तर मी तुला आधी ४० प्लस घे म्हणेन, आणि ते सोपं म्हणून नाही. तिथल्या लोकांचं आयुष्य तुझ्यासारखं आहे. कोणाला मुलीला स्विमिंगला सोडायचंय, कोणाचे आईवडील भारतातून आलेत, त्यामुळे वेळा ठरवताना एकमेकांना समजून घेतात, मॅचनंतर अर्धा तास बसतात, केळी-पाणी-गप्पा होतात. नवीन गावात माणसं जोडायला मला तरी यासारखी दुसरी जागा माहीत नाही. माझे इथले सगळ्यात जवळचे चार मित्र मला ४० प्लसने दिलेत, त्यातला एकही मराठी नाही.

बाबांचं. यूएसटीएची मेंबरशिप घ्यायला नागरिकत्व लागत नाही, अकाउंट उघड, पासपोर्टवरची जन्मतारीख टाक, सेल्फ रेटिंगचे प्रश्न त्यांनाच शेजारी बसवून भर कारण ते पूर्वी कुठल्या पातळीवर खेळले हे खरं सांगावं लागतं. ५५ प्लसला ते आहेतच. आणि या डिसेंबरमध्ये ६५ होतायत म्हणजे वरच्याच नियमाने या वर्षी ६५ प्लसलाही चालतील. ६५ आणि ७० प्लसच्या लीग सगळीकडे नसतात, सेक्शन आणि तिथली माणसं यावर आहे, पण जिथे आहेत तिथे मॅचेस बऱ्याचदा आठवड्यातल्या दिवशी सकाळी असतात, जेव्हा तू ऑफिसमध्ये आणि ते घरात एकटे असतात. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथे आलेले आपले आईवडील दिवसभर खिडकीतून रस्ता बघत बसतात, गाडी चालवता येत नाही, कोणी ओळखीचं नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं रॅकेट धरलीय त्याला कोर्टवर भाषेची अडचण येत नाही. एकच काळजी घे, पाच महिन्यांसाठीच येणार असतील तर त्यांच्या तारखा आणि लीगच्या तारखा आधी जुळव, कारण पुढच्या फेरीत खेळायला नियमित सीझनमध्ये ठराविक मॅचेस झालेल्या असाव्या लागतात आणि मध्येच परत गेले तर टीमची जागा अडते. आणि प्रवासाचा इन्शुरन्स खेळताना झालेली दुखापत धरतो का तेही बघ.

कोर्टपर्यंत नेण्या-आणण्याची चिंता करू नकोस, आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये दोघंतिघं तुझ्याच बाजूला राहतात, वाटेत घेतील. बाबा कोणत्या महिन्यात येतायत आणि उजव्या हाताने खेळतात की डाव्या एवढं कळव, ६५ प्लसचा कॅप्टन एका डावखुऱ्या पार्टनरच्या शोधात आहे.